पिवळा उजेड

माळव्यात राहून आमच्या मराठी घरांनी वरणभातावर शेव घ्यायची सवय लावून घेतली, तशी भाचीच्या पाया पडायची इथली रीतही उचलली. मामानं वाकायचं, भाचीनं कधीच नाही. त्यामुळे भाची म्हणाली, "मामा, पायाची जखम दाखवा," तेव्हा मी तिच्यावर खेकसलोच. पण ती ऐकणारी नव्हे.

शुगरमुळे अंगठ्याला झालेली जखम लवकर भरत नव्हती. भाची इंदुरातच संशोधन करते. तिनं जेलीसारखी मऊ, पाणीदार पट्टी बनवली आहे. जखमेचा ओलावा टिपलेला कापूस पट्टीवर टेकवायचा आणि जांभळ्या टॉर्चखाली बघायचं. भरत्या जखमेत थोडी आम्लता असते, तेव्हा पट्टी निळी चमकते. जंतू माजले की आम्लता जाते आणि पट्टी पिवळी होते.

जखमेला वास येतोय असं मला सारखं वाटायचं. ज्या पोरीच्या पाया पडायचं, तिच्या नाकाशी हा पाय न्यायचा? नुसत्या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ती पट्टी घेऊन आली; फाटकात स्कूटी लावत होती तेवढ्यात मी न्हाणीघरात शिरलो आणि कपडे धुवायची साबणाची बट्टी जखमेवर घासली. डोळ्यांत पाणी आलं. घाईत साबण नीट निघालाही नाही.

पट्टी पिवळीजर्द चमकली. साबणानं आम्लता मरते, हे सांवेर रोडच्या साबणाच्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या मला कळत होतं. तरी तोंड उघडलं नाही.

"मामा, इन्फेक्शन बढ रहा है, आत्ताच चला," म्हणत तिनं मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जखम बघितली आणि ते हसले. "अरे, ये तो भर रहा है. बेटा, ये चमकनेवाला खेल लॅब में ही रखो."

भाचीनं मान खाली घातली. मी चपलेकडे बघत बसलो.

परतताना ती म्हणाली, "उद्या सरांना सांगते, पट्टी चुकते म्हणून. अब सब फिर से."

तेव्हा कुठे मी म्हणालो, "मी साबण लावला होता."

तिनं स्कूटी कडेला घेतली. "मग डॉक्टरांसमोर का नाही बोललात?"

"पायाला वास येतो, हे चारचौघांत कसं सांगू?"

"आणि माझं काम खोटं ठरलं, ते चाललं तुम्हाला?"

खरं सांगायचं तर, चाललं होतं.