जिभेवरचे काळे ठिपके

आमच्या पेठेतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना हळू बोलणं जमतच नाही. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं ठेवायला मी दवाखान्यात जातो, तेव्हा त्या सगळ्यांसमोर ओरडतात, "ठेव की, पण पेशंटला बसाय जागा ऱ्हाऊ दे!" तोंड तपासताना मात्र त्या एकदम गप्प असतात.

परवा कोडोलीची एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेच्या जिभेवर काळे ठिपके होते. म्हैस आटेल असं ती म्हणाली आणि म्हैस आटली. तेव्हापासून घरात तिला बोलायला बंदी होती. डॉक्टरीणबाईंनी ठिपके कापसानं पुसून पाहिले, बोटानं दाबले, लहानपणापासून आहेत का विचारलं. सुनेनं मान डोलावली.

"नुसता रंग हाय, तिळागत. रोग न्हाय, मग औषध कशाचं?"

"पर हिची जीभ बाधती," सासू म्हणाली.

माझं डोकं तापलं. मी पत्रक काढलं. डॉक्टरीणबाईंनी मला हातानंच थांबवलं आणि सुनेला म्हणाल्या, "म्हण, डॉक्टरीण उद्याची सकाळ बघणार न्हाय."

सून रडायला लागली. तरी त्यांनी तिला म्हणायला लावलंच. मला ते क्रूर वाटलं, अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी गेलो तर दोघी पहिल्या एसटीनं येऊन पायरीवर बसलेल्या. डॉक्टरीणबाई स्कूटरवरून उतरल्या. सासू त्यांच्याकडे बघत राहिली, मग सुनेकडे वळली.

"बोल बाई आता."

सून म्हणाली, "आत्ती, मला भूक लागल्या."