आमच्या पलटणीत कुणी आजारी पडत नसे

पलटण सोडताना बूट, पट्टा, पाण्याची बाटली, सगळं स्टोअरवाल्याने परत घेतलं. किस्से मात्र कुणी मागितले नाहीत. ते माझ्याकडेच राहिले, आणि चहाला दोन माणसं बसली की आपोआप बाहेर पडतात!

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतले ते दिवस. आमची पलटण टेरिटोरियल. आठवडाभर गिरणीत काम आणि रविवारी परळच्या मैदानावर परेड. मी पलटणीच्या दवाखान्यात मदतनीस. मेजरसाहेब दादरचे, मनाने अगदी मऊ, पण डोक्यात एक खूळ. शिपाई आजारी पडला की पलटणीचं नाक कापलं गेलं!

'सिक रिपोर्ट' करणाऱ्याला, म्हणजे आजारी असल्याचं कळवणाऱ्याला, ते सगळ्यांसमोर वेगळं उभं करत आणि विचारत, "काय राजे, डोली मागवू?"

मग कोण येतोय तपासून घ्यायला! आमचे डॉक्टर रिकामे बसून पेपरातल्या मोर्च्याच्या बातम्या वाचायचे. एकदा वैतागून मला म्हणाले, "अरे, कुणाला साधी शिंक तरी येऊ दे!"

*

कांबळेला नको त्या जागी गळू झालं. ट्रकमध्ये सगळे बसले, हा उभाच.

"का रे उभा?" साहेबांनी विचारलं.

"चौफेर नजर ठेवतोय, साहेब!"

साहेब जाम खूश. "याला म्हणतात सोल्जर! चला, सगळे उभे राहा!"

लोअर परळपासून कुलाब्यापर्यंत आम्ही दांडे धरून उभे. कांबळे माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सॉरी रे. पण मला जरा बरं वाटतंय."

*

एकदा साहेबांनी स्वतः नकाशा हातात घेतला आणि रूट मार्च थेट भायखळ्याच्या भाजीबाजारात घुसवला. मोर्च्यांवरच्या गोळीबाराच्या आठवणी ताज्या होत्या. गणवेश दिसताच दुकानांच्या फळ्या धडाधड पडल्या. एक म्हातारी कोथिंबिरीच्या टोपलीआडून ओरडली, "गोळी घालूक इलास काय रे, पोरांनू?"

"नाय गो आये, वाट चुकलो!" आमच्यातला एक जण बोलून गेला.

साहेबांनी सामसूम बाजारावरून नजर फिरवली, नकाशाची घडी घातली आणि म्हणाले, "गुड. एरिया ताब्यात आला!"

*

पण हाच माणूस गणपतीत आमच्या चाळींचे जिने चढून प्रत्येकाच्या घरी यायचा, जमिनीवर बसून करंज्या खायचा, आमच्या पोरांची नावं लक्षात ठेवायचा. आमचा जीव होता त्यांच्यावर. म्हणून तर त्यांच्यासमोर आजारी पडायची लाज वाटायची.

*

गावडे लालबागचा. पलटणीतला पहिला नंबर. नुकतीच हवालदाराची फीत मिळाली होती आणि त्याला खोकला लागला. रुमालावर रक्त दिसलं तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "अरे, डॉक्टरांना दाखव."

"खुळो काय तू? माझ्याच हाताखालची पोरां माका हसतली!"

मी काकुळतीला आलो, पण पठ्ठ्या ऐकेना. शेवटी मी त्याच्या बायकोला सांगितलं. ही बाई मोर्च्यात अश्रुधूर खाऊन आलेली. पुढच्या रविवारी पहारेकऱ्याला बाजूला सारून ती भर परेडीत शिरली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेबानू, सिक रिपोर्ट!"

"कुणाचा?"

"माझो. माका झोप नाय. ह्यो माणूस रातभर खोकता, रगत टाकता. ह्येका तपासा, मगे मी बरी होतलंय!"

गावडेने मान खाली घातली. अख्ख्या पलटणीत कुणीही हसलं नाही. डॉक्टर तर धावतच आले. त्याला आत नेलं, छाती तपासली आणि बाहेर येऊन म्हणाले, "क्षय दिसतोय, फुप्फुसाला धरलंय. पण वेळेत आणलंत, बाई. बरा होईल."

मागोमाग गावडे शर्टाची बटणं लावत आला. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. आवाज अगदी खाली आला होता. "गावडे, अरे, हे कधीपासून?"

बायकोनेच उत्तर दिलं.

"तुम्ही ह्येंका हवालदार केलात, तेव्हापासून!"