साराबायचा मलिदा

रोह्यात टायपिंग शिकायचं म्हटलं की एकेकाळी एकच पत्ता होता. साराबाईंचा क्लास. धाटावच्या कंपन्यांतून टेबलामागे बसलेली निम्मी माणसं सारा अष्टमकरच्या हाताखालून गेलेली. बाई उंचीनं बेताची, पण आवाज सगळ्या टाइपरायटरांच्या खडखडाटावर चढायचा. कोणाचं बोट चुकलं तर ती रागवायची नाही. नुसतं म्हणायची, "तुझ्या लग्नाची पत्रिकापण अशीच छापू का रे?" पोरगं लाजून मान खाली घालायचं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचं. पुढे कॉम्प्युटर आले, मग तेही घरोघर झाले, आणि सारानं क्लास बंद केला. यंत्रं मात्र भंगारात दिली नाहीत. कापडं घालून तशीच ठेवली. कोणी विचारलं तर म्हणे, "असू देत. खायला मागतात काय ती?"

घरात ती एकटीच. तिच्या आळीत पूर्वी शुक्रवारची संध्याकाळ झाली की घरोघर शब्बाथचे दिवे लागायचे. मग एकेक करून यहुदी घरं इस्रायलला गेली. भाऊ एझ्रासुद्धा तरुणपणीच गेला. सारा राहिली ती वडिलांसाठी, कारण म्हातारा हलायला तयार नव्हता. वडील गेले तर आई होती. आई गेली तर क्लास होता. आता क्लासही नाही. एझ्रा दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो, आणि जेवलीस का, पाणी आलं का, असं सगळं विचारून झालं की शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य येतं.

"सारा, आता तिथं तुझं काय राहिलंय?"

इतकी वर्षं ती फोन ठेवून द्यायची. गेल्या पावसाळ्यात घसरून पडली, मनगट मोडलं, आणि प्लास्टरच्या हातानं स्वतःचा चहा करताना तिला पहिल्यांदा वाटलं की भाऊ म्हणतो ते काही खोटं नाही. तिनं हो म्हटलं. भाची शीरानं तिकडे खोली लावून ठेवली. फेब्रुवारीचं तिकीट निघालं. जाण्याचंच.

मधे एकच गोष्ट अडकली होती. नवस.

त्याची हकिकत अशी. बतूल ही साराची कॉलेजपासूनची मैत्रीण. राहते अष्टमी गावात, नदी ओलांडली की घर. दोन वर्षांपूर्वी बतूलच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, मुंबईला. बतूलचा नवरा अय्यूब कुवेतहून धावत आलेला. तो एका कोपऱ्यात नमाज पढत होता आणि सारा बाकड्यावर बसून मनात बोलत होती, "एलियाहू हन्नबी, हिला घरी आण. मलिदा करीन." एलियाहू हन्नबी म्हणजे इथल्या यहुद्यांचा अडीअडचणीला हाक मारायचा नबी. आणि मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं लावलेलं ताट. त्यावर प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी खायचं. बतूल खडखडीत बरी होऊन घरी आली. नवस तेवढा राहिला.

राहिला तो आळसानं नाही हं! मलिद्याची प्रार्थना रीतीनं पुरी व्हायची तर दहा पुरुष जमावे लागतात. पूर्वी एका आळीतून वीस निघायचे. आता सारानं पेणच्या एलिजाकाकांना फोन केला. काका ऐंशीच्या पुढचे, प्रार्थना चालवणारे, जुने जाणते. ते म्हणाले, "बघतो गं." त्यांनी अलिबाग बघितलं, मुंबई बघितली. कोणी आजारी, कोणी परदेशी मुलाकडे. दोन वर्षं बघतच राहिले. आणि नवस अंगावर ठेवून समुद्र ओलांडायचा, हे काही साराच्या मनाला पटेना. रात्री त्या विचारानं तिचा डोळा लागायचा नाही.

आता इकडे दुसरंच घोडं नाचत होतं. सारा-बतूलच्या बी.कॉम.च्या बॅचला चाळीस वर्षं झाली. ग्रुपचं नाव 'बी.कॉम. ८६', आणि ग्रुपचा मालक पोपट. डोलवीला कंत्राटदाराकडे सुपरवायझर होता, अजूनही आहे, कारण घरी बसलं की बायको कामं सांगते. पोपटनं संमेलनाची तारीख काढली आणि ग्रुपवर रणकंदन माजलं. शुक्रवार म्हटलं तर बतूल म्हणे, जुम्मा आहे. शनिवारी सारा घराबाहेर पडत नाही. सोमवार नि गुरुवार तर अर्धी बॅच म्हणाली, मासळी चालत नसेल तर येऊन करायचं काय? शेवटी पोपट वैतागून म्हणाला, "रविवार! पापलेट, कोलंबी, चिंबोऱ्या, काय पायजे ते. पण आता कोणी बोलायचं नाय." म्हणजे बघा, तो रविवार ठरला तोच मुळी मासळीसाठी.

जागा ठरली पेणजवळ गडब गावी, पुतळीच्या अंगणात. पुतळीही यांच्याच वर्गातली. तेव्हा गडबहून एसटीनं रोह्याला यायची, आणि एसटी चुकली की साराच्या घरी राहायची. आता हायवेला तिचं दुकान आहे, पोहे-पापडांचं. गिऱ्हाइकाला दमात घेऊन माल विकणारी बाई. तिनं साराला फोन केला.

"साराबाय, तू काय आणतेस गो?"

"मी काय आणू? मी नुसती येते," सारा म्हणाली. आणि कसं कोण जाणे, तिला रडूच फुटलं. जातेय, तिकीट निघालंय, बतूलसाठीचा मलिदा काही होत नाही, सगळं भडाभडा बोलून गेली.

"का होत नाय पण?"

"दहा पुरुष लागतात गो. कुठून आणू?"

पुतळी म्हणाली, "आणि काय लागतं?"

"काय नाय. डोकं झाकायचं, प्रार्थना म्हणायची. जाऊ दे. ठेव फोन, माझं दूध उतू जाईल."

दूध कसलं नि काय! डोळे पुसायला हात मोकळा हवा होता, म्हणून फोन ठेवला.

तर रविवार उजाडला. सारा, बतूल आणि अय्यूब तिघं एसटीनं गडबला उतरली. अय्यूब वाटेत सारखा खिसा चाचपत होता. साराला वाटलं, गोळ्या विसरला असेल. उतरल्यावर तो पुढे झपझप निघून गेला. या दोघी हायवेची धूळ चुकवत दुकानामागच्या अंगणात शिरल्या, आणि सारा जागच्या जागी थबकली.

अंगणात पुरुषांची एक रांग उभी होती. वर्गातले काही, पुतळीचा नवरा, तिचे दीर. सगळ्यांची डोकी झाकलेली. वर्गातल्या काळुरामच्या डोक्यावर लग्नातली गांधी टोपी. अय्यूबची जाळीची टोपी, खिशातली. एकानं रुमालाला चार गाठी मारून घातलेला, एकाच्या डोक्यावर लेकाची क्रिकेटची टोपी. आणि पोपटच्या डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट!

"असं काय बघतेस?" पोपट म्हणाला. "डोकं झाकायचं म्हणाली पुतळी. घरात टोपी सापडंना."

मधे पाटावर भलं मोठं ताट होतं. पोहे भिजवून ठेवलेले, खोबरं खवलेलं, फळं धुतलेली, शेजारी वासाला सब्ज्याची डहाळीसुद्धा, साराच्या आईकडे पाहिलेली. पुतळीनं पदर खोचला होता आणि तिचा चेहरा असा फुलला होता, जणू लेकीचं लग्नच लागतंय.

"हे घे तुझे दहा पुरुष," ती म्हणाली. "ह्या रायगडात दहा पुरुष मिळंनात म्हंजे काय गो! मोजून घे."

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं आणि एलिजाकाका काठी टेकत आत आले. त्यांना पोपटनंच पेणहून आणवलं होतं. फोनवर सांगितलेलं एवढंच, की साराचा मलिदा आहे, दहा माणसं जमलीत. काका हरखून आले होते. त्यांनी अंगणभर नजर फिरवली.

"शालोम, शालोम. कुठायत आपली माणसं?"

"ही काय उभी!" पुतळी म्हणाली.

काकांनी रांग पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिली. पोपटनं हेल्मेट जरा सरळ केलं. सारानं कपाळाला हात लावला.

"पुतळे," ती हळूच म्हणाली, "दहा पुरुष म्हणजे आमच्यातले गो. यहुदी."

पुतळीचा चेहरा पडला.

"असं तू बोलली नायस."

"सांगायला लागतं हेच मला कधी ठाऊक नव्हतं गो! आमच्या घरात दहा पुरुष म्हटलं की झालं."

"मंग सगळं फुकट?" पुतळी इतकी खमकी बाई, पण डोळ्यांत पाणी आलं. "आठ दिवस माणसं धरून धरून तयार केली मी. आणि मासळी बंद केली!"

"मासळी?" सारा म्हणाली. "मासळी का बंद केलीस?"

"नवसाचा दिवस ना! आमच्याकडे नवसाला मासळी चालते काय? वांग्याची भाजी केलीय, डाळभात केलाय."

"आमच्यात चालते गो मासळी."

"चालते?" हे एकदम तीन-चार पुरुष ओरडले.

"न चालायला काय झालं?" एलिजाकाका कळवळून म्हणाले. "मी सकाळपासून नुसत्या चहावर आहे, गडबला पापलेट मिळणार म्हणून!"

आधी बतूल हसली. ऑपरेशनच्या जागेवर हात दाबून धरून हसली. मग सगळं अंगण हसायला लागलं. सारा हसता हसता रडायला लागली, आणि मग तिला ते थांबवताच येईना. रविवारी, रायगडात, भर जानेवारीत, एवढ्या माणसांनी मासळी सोडली होती. तिच्यासाठी. तिनं न सांगता.

काका खुर्चीवर बसले. हातानंच सगळ्यांना गप्प केलं.

"हे बघा, मी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. "नेमात हे दहा धरता येत नाहीत. जेवढं दहा जणांनीच म्हणायचं असतं, तेवढं मी गाळीन. बाकीचं मी एकटा म्हणू शकतो, आणि नवस त्यानं फिटतो. दहाचीच वाट बघत बसलो, ही माझी चूक झाली. हे मी तुला दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं, सारा." मग त्यांनी रांगेकडे पाहिलं. "आणि तुम्ही कोणी जागेवरून हलायचं नाही. हेल्मेटवाले, तुम्ही इकडे माझ्याजवळ या."

काका म्हणू लागले. आवाज थकलेला, पण सूर पक्का. ती भाषा कोणालाच कळत नव्हती. पण गाण्यात नबीचं नाव पुन्हा पुन्हा यायचं, आणि तेवढं एक नाव ते दहा जण बरोबर पकडून म्हणायला लागले. पहिल्यांदा पुटपुटत, मग मोकळ्या गळ्यानं. साराच्या आळीत इतके पुरुषी आवाज एकत्र तिनं ऐकले त्याला जमाना झाला होता. तिचे वडील त्यात असायचे. तिनं डोळे मिटून घेतले.

प्रार्थना झाली. सारानं पहिली मूठ बतूलच्या हातावर ठेवली. बतूलनं ती खाल्ली नाही. नुसती धरून बसली.

"मला घरी आणलंस," ती म्हणाली, "आणि आता तूच घर सोडून चाललीस. मग मला आणलंस कोणासाठी गो?"

पुतळीनं तोंड फिरवलं. अय्यूब उगाच ताटातली केळी सारखी करत बसला.

"सारा," काका म्हणाले, "नवस फिटला तुझा. आता मोकळी झालीस."

मोकळी! दोन वर्षं तिनं याच शब्दाची वाट पाहिली होती. आणि तो ऐकल्यावर तिला भीतीच वाटली. ती पुन्हा ताटासमोर बसली, डोकं पदरानं झाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एलियाहू हन्नबी, आमच्या पन्नासाव्या वर्षाला ही सगळी माणसं मला इथं दिसू देत. दिसली तर ह्याच अंगणात मलिदा करीन."

"अगं, विचार करून बोल," काका म्हणाले. "नवस केलास की फेडायला यावं लागतं."

सारानं नुसती मान हलवली. बतूलनं तेव्हा कुठे मूठ तोंडात टाकली.

"त्या टायमाला मासळी चालंल ना पण?" पोपटनं हळूच विचारलं, आणि पुतळीनं त्याच्या हेल्मेटवर पळी वाजवली.

जेवणं चालली होती तेवढ्यात एझ्राचा कॉल आला. सारानं फोन फिरवून त्याला सगळं अंगण दाखवलं. टोप्या, रुमाल, हेल्मेट, वांग्याची भाजी ओरपणारे काका. एझ्रा खूप हसला, मग त्यानं नाक ओढलं. आणि म्हणाला, "चला, नवस फिटला. आता तरी तिथं तुझं काही राहिलं नाही ना?"

"राहिलंय की," सारा म्हणाली. "नवस राहिलाय, एझ्रा. आणखी दहा वर्षांनी फेडायचाय. शीराला सांग, परतीचं तिकीटही काढायला लागेल."