गृहभेटीत विचारलेला प्रश्न

त्यांनी बुटाच्या टोकाने दारातल्या पुरुषाच्या चपला सरकवल्या आणि विचारलं, "या कुणाच्या?"

कुणाच्याच नाहीत, मी म्हणाले. जुन्या बाजारातून आणल्यात. आम्ही मायलेकी दोघीच राहतो. दारात पुरुषाच्या चपला दिसल्या की कुणी उगाच कडी वाजवत नाही.

ते हसले. असे हसले, की मी पदर सारखा केला. स्वतःच्या घरात.

स्वारगेटच्या मागच्या वस्तीत आमची एक खोली. कसबा पेठेतल्या दुकानात मी साड्यांना फॉल-पिको करते. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. मेला नाही, गेला. याच शहरात दुसरा संसार मांडलाय. मेला असता तर कागद सोपे झाले असते, असं सरकारी ऑफिसातल्या एक बाई मला तोंडावर म्हणाल्या होत्या. एकट्या पालकाच्या मुलांना सरकार दरमहा मदत देतं, त्यासाठी मी अर्ज केला होता. मुलगी पाचवीत. म्हणून हे साहेब चौकशीला आले. गृहभेट म्हणतात त्याला.

पाणी दिलं. त्यांची नजर भिंतीवरच्या बुद्धाकडे गेली. तहान नाही, म्हणाले. थोड्या वेळाने पिशवीतली बाटली काढून घटाघटा प्यायले.

मग कपाट उघडायला लावलं. माझे कपडे पेनाने वरखाली केले. आतलेसुद्धा. उशी उचलून पाहिली. मोरीत डोकावून दात घासायचे ब्रश मोजले. दोनच निघाले. त्यांची निराशा झालेली मला दिसली. आणि मी? हो साहेब, नाही साहेब. न विचारता डबे उघडून दाखवत होते. त्याची किळस अजून जात नाही. त्यांची येते त्याहून जास्त माझी येते.

मग त्यांनी मुलीला जवळ ओढलं. तिचा गाल धरला.

"रात्री आईकडे कुणी काका येतात का गं? खरं सांग, आई रागावणार नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली. दहा वर्षांची पोर. काय सांगितलं की आई वाचेल, ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होती. मी तिला मागे घेतलं. साहेबांनी फॉर्म पुढे केला. सही करा, म्हणाले.

"आधी हा प्रश्न लिहा," मी म्हणाले. "आत्ता पोरीला विचारलात तो. तुमच्या अक्षरात. मग सही करते."

तसा रकाना नाही, म्हणाले. मग विचारलात कशाला, मी म्हटलं. त्यांचा आवाज बदलला.

"अहो बाई, गरज तुम्हाला आहे. मला नाही."

फॉर्म पिशवीत कोंबून निघून गेले. मी मोरीत जाऊन दोन्ही ब्रश फेकले. कपाटातले सगळे कपडे भिजत घातले. मुलीने विचारलं, माझं काही चुकलं का? नाही, म्हटलं. त्यांना थांबवायला उशीर मी केला.

पंधरा दिवसांनी अर्जावर शेरा आला. अर्जदाराचे सहकार्य नाही. मी ऑफिसात गेले. वरच्या मॅडमनी खुर्ची दिली, चहा मागवला. साहेबांचा स्वभावच तसा आहे, म्हणाल्या, मनावर घेऊ नका, एकदा माफी मागा, फाइल मी पुढे पाठवते. मी चहाला हात लावला नाही. तक्रार घरूनच लिहून नेली होती. तो प्रश्न, शब्द न् शब्द, साहेबांच्या नावासह. खिडकीवरच्या क्लार्कने वाचला आणि तोंड वाकडं केलं. असलं घाण लिहून देतात का, म्हणाला.

"विचारताना घाण नव्हतं?"

मी खिडकी सोडली नाही. मागची रांग ओरडायला लागली, तेव्हा त्याने पोच म्हणून शिक्का मारला.

मदत अजून सुरू नाही. रविवारीही मशीनवर बसते. साहेब त्याच खुर्चीत आहेत, अजून घरं तपासत फिरतात. येत्या मंगळवारी पुढच्या गल्लीत जाणार आहेत. तिथल्या बाईचा नवरा गेल्या वर्षी वारला, पदरात दोन मुली. ताई, मी काय करू, असं ती विचारायला आली होती. मी दुकानात सुट्टी सांगून टाकली आहे. मंगळवारी तिच्या घरात वही-पेन घेऊन बसणार. ते जे जे विचारतील ते लिहून घेणार, आणि खाली त्यांची सही मागणार.