आईचं जॅकेट आणि ओटीचा नारळ

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या जपानी मैत्रिणीला बोलावलं, तेव्हा "काळं घालून ये" एवढंच मी सांगितलं होतं. इकडे परदेशात, श्रूजबरीच्या थंडीत बिचारी काळा स्वेटर घालून येईल, असं वाटलं. ती आली किमोनोवर घालायचं, काळ्या रेशमाचं जुनं जॅकेट घालून.

"आईचं आहे," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये बहिणीच्या लग्नात आईलाच घालायचंय."

मी तिला वळवून जॅकेट नीट पाहिलं.

पाठीवर करकोचे भरलेले. त्यांच्या पंखांच्या कडेची जर विणलेली नव्हती, वर ठेवून बारीक टाक्यांनी धरलेली होती. बाह्यांवर आपल्या बांधणीसारखे ठिपके, पण प्रत्येक ठिपका बोटाला लागेल इतका उभा. आणि खाली, पुढच्या काठाला, ढग. त्यांच्यावर सोन्याचा वर्ख, काजूकतलीवर लावतात तसा चिकटवलेला.

"धुता येतं?"

"छे! पाण्याचा थेंबही चालत नाही," ती हसली. मला हसू येईना. घरात ओली हळद, अत्तर, केशरी दूध आणि हौशी बायका.

"अय्या, ही तर बांधणीच यार!" म्हणत सगळ्या जमल्या. कुणाच्या बोटांना तिळगुळाचं तूप. "आधी हात पुसा गं!" मी ट्रॅफिक हवालदारासारखी मधे उभी. गुलाबदाणी सोफ्याखाली ढकलली.

"गुलाबपाणी कुठंय?"

"संपलं," मी ठोकून दिलं.

तेवढ्यात एका मैत्रिणीच्या आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मावशी, नारळ घेऊन उठल्या. नारळावर हळदकुंकवाची ओली बोटं.

"पदर पसर गं बाई."

बाकीच्यांचं बघून माझ्या जपानी मैत्रिणीला रीत कळली होती. पदर नव्हता, म्हणून तिनं मोठ्या भक्तिभावानं जॅकेटचा काठच दोन्ही हातांनी उचलून धरला. नारळ थेट वर्खाच्या ढगांकडे निघाला.

"मावशी, थांबा!" मी घुसले आणि माझाच पदर तिच्या हातांवर टाकला. नारळ त्यात पडला.

"अगं, ओटी तिची की तुझी?"

"तिचीच, मावशी. पदर तेवढा माझा."

सगळ्या हसत सुटल्या. मैत्रीण मात्र पदर गच्च धरून उभी. तिला सोडायची हिंमत नव्हती, मला ओढायची. तशाच आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो आणि नारळ पिशवीत घातला. दिव्याखाली मी काठ तपासला. डाग नव्हता. माझ्या जिवात जीव आला.

तिला निरोप द्यायला दार उघडलं, तर बाहेर बर्फ भुरभुरायला लागलेला.

"छत्री!" मी ओरडले, आणि तशीच अनवाणी तिच्यामागे धावले.