ओहोटीत अडकलेला निकाल

आमच्या कॉलेजचा हॉकी संघ कोणाच्या खिजगणतीतही नव्हता, तरी तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला. मी मात्र त्या सामन्याच्या दिवशी रेवसजवळ, बांच्या सोबत मिठागरात मीठ ओढत होतो. दुसऱ्या दिवशी मुंबईची वर्तमानपत्रं घेऊन आलेली लाँच ओहोटीमुळे धक्क्यापासून लांबच थांबली. तिच्यावरचा एक उतारू वर्तमानपत्र वाचताना दिसत होता.

"हॉकीत कोण जिंकलं?" मी धक्क्यावरून ओरडलो. समोरच्या वाऱ्यात माझा आवाज पोचला नाही. मी डोळे मिटून हात जोडले.

"खेळ कालच झाला ना रं?" बा म्हणाले. "मंग आता देवानं काय करायचं? कालेजात ह्येच शिकवतात व्हय?"

तरीही पाणी चढेपर्यंत मी देवाकडे एक गोल मागत राहिलो.