देवजी मिस्त्रीचा पाट

गाडीचं बॉनेट उघडण्याआधी देवजी मिस्त्री एक लाकडी पाट आणून हाताशी ठेवायचा. आपण जेवायला बसतो तसलाच, फक्त ग्रीस लागून काळा पडलेला. डिझेलची गाडी आली की पाट आलाच. चारोटीला महामार्गावर त्याच्या गॅरेजशेजारी चहासाठी थांबणारे ड्रायव्हर त्याची थट्टा करायचे. "मिस्त्री, पंगत कधी?" देवजीही त्यांच्याबरोबर हसायचा, पण पाट काही हलवायचा नाही.

मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले ती निळा धूर घेऊन. आमचं घर डहाणूला, चिकूच्या वाडीत, आणि मी शिकवते ती शाळा उधव्याला. रोजचं जाणं-येणं आमच्या जुन्या टर्बोवाल्या डिझेल गाडीतून. मी जात्याच भित्री. पाल दिसली की खुर्चीवर चढणारी. मागून निळा धूर येतोय असं शाळेतल्या शिपायाने सांगितलं तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात मिस्त्री लोक बाईमाणूस बघून पाच-सहा अवघड शब्द अंगावर फेकतात, हा अनुभव. म्हणून मी चेहरा कडक करूनच उतरले.

देवजीने एकही अवघड शब्द फेकला नाही. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. त्याने मनगटाएवढा जाड एक रबरी पाइप सोडवला, आत बोट घातलं आणि बाहेर काढून उन्हात धरलं. दोन पेरांपर्यंत काळंभोर तेल. तो बराच वेळ बोटाकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "बाई, मना भ्या वाटतं."

मिस्त्रीच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरनेच नाडी धरून घाबरावं तसं झालं. माझा कडक चेहरा कुठल्या कुठे गेला.

मग त्याने मला समजावलं. इंजिन या पाइपातून श्वास घेतं. टर्बो म्हणजे एक पंखा, तो हवा कोंबून आत पाठवतो. "आत तेलाचा वलावा सगल्याच गाड्यांना असतो. त्याला मी भीत नाय. ह्यं वलावा नाय, ह्यं डबकं हाय." त्याने तेल मोजायची पट्टी ओढली. वरच्या खुणेच्याही चांगलं बोटभर वर तेल होतं. "कनी भरलं?"

कुणी भरलं ते मला लगेच कळलं. माझे सासरे अण्णा. आमच्या वाडीची रीत अशी की माप कधी काठोकाठ द्यायचं नाही, वर शीग लावायची. चिकू मोजून दिले तरी वर दोन-चार फळं टाकायची. तांदूळ, मीठ, दूध, सगळ्यालाच हा नियम. बरोबर माप म्हणजे अण्णांना दळभद्रीपणा वाटतो. गाडीच्या तेलालाही ते दर पंधरवड्याला शीग लावत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तेल कमी पडून इंजिन जळतं असं ऐकलंय. जास्त पडून कुणाचं जळलंय?"

जास्तीचं तेल आत घुसळून उडतं आणि श्वासाच्या वाटेने जाऊन साठतं, असं देवजी म्हणाला. त्याने तेल खुणेपर्यंत उतरवलं. गरम हवा थंड करणारी जाळी असते, तो इंटरकूलर, तीही काढून उलटी केली. पेलाभर काळं तेल गळलं. रॉकेलने धुऊन ती त्याने उन्हात ठेवली आणि संध्याकाळी मी गाडी मागितली तर साफ नाही म्हणाला. "आत अजून वली हाय. वली लावली त ह्यं रॉकेलच इंजिन पिईल. मना झोप नाय येनार." मी बसने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी देताना त्याने मला स्टिअरिंगवर बसवून धडा दिला. पाइपातलं तेलच इंजिन प्यायला लागलं तर ते आपोआप पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. "तवा हवा कोंडाची. कपड्यानं नाय, हातानं त नायच नाय. पाट लावाचा. पाट नसंल त गाडी पाचव्या गिअरात टाकाची, ब्रेकवर उभं राहाचं आनि क्लच सोडाचा. म्हना बगू." मी शाळेतल्या पोरांसारखं तीनदा म्हणून दाखवलं. तो आता हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही.

"तुम्ही असं पाहिलंय?" मी विचारलं.

वापीच्या एका गॅरेजात तो तरुणपणी कामाला होता. थोरला भाऊ लखमाही तिथेच. एक दिवस लखमा बॉनेटमध्ये वाकलेला असताना इंजिन पळत सुटलं. सगळे बाहेर धावले, त्यांच्यात देवजीही. लखमाने फडका कोंबला, तो इंजिनाने गिळला. मग इंजिन फुटलं आणि त्याचा तुकडा लखमाच्या पोटात घुसला. "मी रस्त्याच्या पलीकडून बगत हुतो," देवजी म्हणाला. "भ्याचा, बाई. भ्यायला काय बी हरकत नाय. पन पलाचा नाय."

हे वाक्य तो सगळ्यांनाच ऐकवायचा. धाकट्या डहाणूचा एक टेम्पोवाला मासळी घेऊन येई, त्याला पोलिसांची भीती, कागद अर्धवट. त्यालाही हेच. मला वर्गतपासणीची भीती, मलाही हेच. मला त्याचं बोलणं आवडायचं, कारण भिऊ नका असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचा मला काडीचा उपयोग झालेला नाही.

पुढच्या वर्षी अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. तलासरीला त्यांच्या बहिणीला भेटायचं होतं, म्हणून त्यांना पुढच्या सीटवर बसवून मी सकाळी निघाले. त्यांना उतरवायला दोन माणसं आणि वॉकर लागायचा. चारोटीच्या अलीकडे आरशात धूर दिसला. कशीबशी गाडी देवजीच्या अंगणात घातली आणि न्यूट्रल केली.

इंजिनाचा आवाज चढू लागला. माझा पाय कशावरही नव्हता. मी चावी फिरवली. चावी काढून हातात घेतली. आवाज चढतच राहिला, घोगरा होता तो किंचाळी झाला, गाडी थडथडायला लागली आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट उठून सगळं अंगण भरून गेला. गॅरेजातली, हॉटेलातली माणसं ओरडत महामार्गाकडे पळाली.

माझे पायही गेले. मी गेले असं अजून म्हणवत नाही, पाय गेले म्हणते. पाचवा गिअर, ब्रेक, क्लच, तीनदा पाठ केलेलं एक अक्षर आठवलं नाही. दार उघडून मी जी सुटले ती हॉटेलच्या भिंतीआड जाऊन थांबले. मुठीत चावी आणि गाडीत अण्णा.

तिथून मी बघितलं. धुरात अण्णांची पांढरी टोपी दिसत होती. गाडीपासून चार हातांवर देवजी पाट छातीशी धरून उभा होता आणि त्याचा सगळा देह लटलट कापत होता. आता हाही पळणार, असं मला वाटलं. तेवढ्यात तो पुढे झाला. आत हात घालून बॉनेटची कळ ओढली, बॉनेट वर केलं, पाइप उपसला आणि त्या तोंडावर पाट दाबून अंगाचा सगळा भार टाकला. इंजिनाने आचके दिले, गाडी हादरली आणि सगळं थांबलं. महामार्गावरचे ट्रक पुन्हा ऐकू यायला लागले.

मी परत आले तेव्हा अण्णांचे ओठ पांढरे पडले होते. "वृंदा?" एवढंच ते म्हणाले. मी काही बोलायच्या आत देवजी म्हणाला, "बाईंनीच पाट आनून दिला, अण्णा. त्या नसत्या त मी काय करनार हुतो?" मी मान डोलावली. देवा, मी मान डोलावली!

टर्बोत तेल अडवणारं सील गेलं होतं, असं त्याने मला सांगितलं आणि तीन आठवडे खपून गाडी उभी केली. ती आणायला गेले तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो पाना पुसत म्हणाला, "मी पललो तवा मना कनी बोललं नाय. मीच मना रोज बोललो. तुमाला त्यं नको."

या वर्षी देवजी गेला. उधव्याच्या पुढे भाताच्या खाचरांत त्याचं घर, तिथेच पहाटे छातीत दुखून गेला. बाराव्याला अण्णांनी यायचा हट्ट धरला. अंगणात माणसं बसली होती. अण्णा त्यांना ती हकीकत सांगू लागले, आणि "आमच्या वृंदाने पाट आणून दिला" इथवर आले तेव्हा मला राहवेना.

"मी नाही आणला, अण्णा," मी म्हटलं. "मी पळाले होते."

देवजीची बायको माझ्याकडे बघत होती. "त्या दिशी त्यो जेवला नाय," ती म्हणाली. "लखमाचं नाव घेऊन रडला. मंग म्हनला, आज मी हुबा राहलो." तिने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

परतताना तलासरी मागे पडल्यावर अण्णा म्हणाले, "मला ठाऊक होतं. आरशात दिसत होतीस, भिंतीपर्यंत."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? गुडघे धड असते तर तुझ्या पुढे पळालो असतो." ते बाहेर बघत राहिले. "आणि सील-बिल काही गेलं नव्हतं, पोरी. आदल्या दिवशी मी तेल ओतलं होतं. लांब जायचं म्हणून चांगलं लिटरभर. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा देवजीने पट्टी ओढून बघितली, बॉनेटआडून माझ्याकडे बघितलं आणि पुसून परत ठेवली. तुझं काढलं असतं तर माझंही निघालं असतं."

म्हणजे देवजी एकाच दिवशी दोनदा खोटं बोलला होता, एकदा सुनेसाठी आणि एकदा सासऱ्यासाठी. आणि आम्ही एका घरात, एका पातेल्यातली भाजी वाढून घेत, एकमेकांना घाबरून वर्षभर गप्प बसलो होतो.

वाडीत पोचलो. गाडी चिकूखाली उभी केली. त्या दिवसापासून इंजिन बंद करताना माझा हात अडतो. चावी फिरवीन आणि आवाज चालूच राहील, असं दरवेळी वाटतं. त्या संध्याकाळी तर हात उचलेचना. अण्णांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला. आम्ही दोघांनी मिळून चावी फिरवली. इंजिन बंद झालं.